लेबलाखालचा जोड

कोरपन्याच्या बसस्टँडवरून गडचांदूरकडे जाणाऱ्या रस्त्याला माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि त्याला लागून साबिराभाभीचं. तिच्या दुकानाला पाटी नाही. बाहेर ट्रॅक्टरच्या दोन जुन्या सिटा टांगलेल्या असतात, तीच पाटी. गाड्यांच्या सिटांची कव्हरं, ताडपत्र्या, कापूस वेचायच्या झोळ्या, फाटलेली दप्तरं, जे जाड असेल आणि शिवता येईल ते सगळं तिच्याकडे येतं. लियाकतभाई, तिचा नवरा, वेल्डिंगच्या कामावर जातो. सकाळी तिला शटर उचलून देतो आणि निघतो.

शिवण्यापेक्षा तिला उसवण्याची हौस जास्त, असं मी गमतीनं म्हणतो. ती मूळची राजुऱ्याची. वडील गाद्या भरायचे. सात-आठ वर्षांची असताना वडिलांनी आणलेली कोरी छत्री तिनं दुपारभर बसून उसवली. काड्यांवर कापड ताणून कसं बसवतात, ते पाहायचं होतं. मार बसला. दुसऱ्या दिवशी वडिलांनी सुई-दोरा समोर ठेवला आणि म्हणाले, आता बसव. तिनं बसवली. ही गोष्ट ती अजून सांगते, मारासकट.

मला एकदा तिनं विचारलं, "गुणवंतभाऊ, तुमच्या मशीनमंधी अक्षर उजेडानं उमटते का गरमीनं?" बारा वर्षं मी त्या मशीनपाशी उभा आहे. मला हा प्रश्न पडला नव्हता.

तर २०२२ सालची गोष्ट. दिवाळी होऊन गेली होती, कापसाच्या गाड्या जिनिंगकडे जात होत्या. मयुरी नावाची एक बाई दुकानापाशी आली. वय सत्तावीस-अठ्ठावीस. हातात पॉलिथिनची मोठी पिशवी. पिशवीतून तिनं भगव्या रंगाच्या पट्ट्यांचा गुंता काढला आणि साबिराभाभीसमोर ठेवला.

"चाची, याचा एक रुंद पट्टा शिवून द्या जी. दोन्ही बाजूनं धरायले मुठी पाह्यजे."

"कायले?"

"माह्या मालकाले कुशीवर वळवा लागते. मी एकटी असतो. हातानं होत नाई."

हळूहळू सगळं कळलं. तिचा नवरा प्रफुल जवळच्याच गावचा. घरची कपाशी भाऊ बघायचा आणि हा एका सिमेंट कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला होता. तिथं नवा सायलो, म्हणजे सिमेंट साठवायची उंच टाकी, बांधून चालला होता. पस्तीस फुटांवर मचाणाची फळी सरकली आणि प्रफुल खाली आला. खाली वाळूचा ढीग होता म्हणून जीव राहिला. खुबा मोडला, डावा पाय दोन जागी मोडला, कंबरेचे दोन मणके दबले. दवाखान्यात अंगावरचा सेफ्टी बेल्ट कात्रीनं कापून काढला, आणि तिथल्या मावशीनं तो पिशवीत घालून मयुरीच्या हातात दिला.

"पट्टी मजबूत हाय, फेकू काऊन?" मयुरी म्हणाली. "तसा ठेकेदाराचा मानूस दोनदा मांगाले आल्ता. कंपनीची वस्तू हाय म्हने. मी म्हटलं, मले मालूम नाई."

"मंग बेल्ट घालून होता त पडला कसा?"

मयुरीनं मान खाली घातली. "ते म्हणतात, हुक लावलाच नाई यानं. म्हणून एक पैसा भेटणार नाई. हे म्हणतात, लावला होता. टक करून आवाज आल्ता, म्हणतात."

साबिराभाभीनं कात्री उचलली होती. कुठून कापलं तर लांब तुकडा निघेल, ते बघत तिनं गुंता उलगडला. खांद्याच्या पट्ट्या, मांड्यांच्या पट्ट्या, दवाखान्यातल्या कात्रीचे काप. पाठीवर लोखंडी कडी. त्या कडीतून एक पट्टी निघाली होती. माणसाला वर बांधून ठेवणारी ती हीच पट्टी. तिच्या दुसऱ्या टोकाला हुक असतो. पण ही पट्टी वीतभरच होती आणि तिथंच संपत होती.

भाभीनं ते टोक चष्म्याजवळ नेलं. मग उन्हात नेलं. मग कात्री खाली ठेवली.

"इथी जोड होता," ती म्हणाली.

मी माझ्या दुकानातून ऐकत होतो. मी विचारलं, "कसला जोड?"

"या ना, पाहा. बाकी पट्ट्या दवाखान्यानं कापल्या, त्याचे धागे झाडूवानी फुलले. हे टोक पाहा, चिकनं हाय. कारखान्यात गरम पात्यानं कापते तसं. म्हणजे पट्टी इथी संपतच होती. आन् ही भोकं पाहा, चार रांगा. याच्यावर दुसरी पट्टी शिवली होती. आमच्याकडं रेक्झिन कमी पडलं का मारतो तसा जोड."

"सिटाला जोड मारतात, बेल्टाला कायले?" मी म्हटलं.

"तेच त मी इचारून राह्यली," ती म्हणाली. पण ते मला उद्देशून नव्हतं.

मयुरीचं काम तिनं स्वतःजवळच्या ताडपत्रीच्या जाड पट्टीतून तासाभरात करून दिलं, मुठी लावून. पैसे घेतले नाहीत. भगवा पट्टा मात्र परत देताना म्हणाली, "याले कात्री लावजो नको. कोनाले देजो नको. आन् ठेकेदाराचा मानूस आला त माह्याकडं पाठव."

त्यानंतर चार दिवस ती त्या पट्ट्याबद्दलच बोलत होती. जोड होता तर दुसरा अर्धा भाग कुठे? प्रफुलनं हुक लावला नसता तर तो अर्धा भाग त्याच्यासोबतच खाली आला असता. खाली आला नाही, म्हणजे वर राहिला. वर राहिला, म्हणजे हुक कशाला तरी अडकलेला होता. ती हे मला सांगायची, लियाकतभाईला सांगायची, झोळ्या घ्यायला आलेल्या बायांना सांगायची. लियाकतभाई वैतागून म्हणाला, "तू पुलिस है क्या?" ती म्हणाली, "पुलिस को सिलाई आती क्या?"

रविवारी प्रफुलला बघायला म्हणून ती त्याच्या गावी गेली. मीही मोटारसायकलवर सोबत गेलो. प्रफुल खाटेवर पडून होता, गालफडं बसलेली. शेजारी अजय बसला होता. तो त्याच मचाणावर कामाला होता. भाभीनं थेट अजयलाच विचारलं, "तू वर होता ना? वरती पट्टी लोंबत होती का नाई?"

अजयनं आधी दाराकडे बघितलं. मग म्हणाला, "होती जी. पाइपाले हुक, हुकाले पट्टी. हातभर. मी डोळ्यानं पाह्यली. दुसऱ्या दिवशी कामावर गेलो त नव्हती."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"कोनाले सांगू? मले बी तिथीच काम करा लागते."

प्रफुल छताकडे बघत म्हणाला, "मी म्हणत होतो ना."

एवढंच म्हणाला. पण मयुरीनं पदर डोळ्याला लावला. मला वाटतं, त्या दिवसापर्यंत तिलाही आतून थोडी शंका होती, की खरंच हुक लावला होता की नाही.

पुढच्या आठवड्यात सुट्टीच्या दिवशी अजय पोत्यात घालून स्वतःचा बेल्ट घेऊन आला. नवा होता, तसाच भगवा. भाभीनं त्याची लांब पट्टी टोकापासून बोटांत धरून सरकवत नेली. मधोमध एक कापडी लेबल पट्टीला गुंडाळून शिवलेलं होतं. वजन किती पेलेल ते, कसले तरी नंबर, एक शिक्का. तिथं तिची बोटं थांबली.

"इथी जाड लागते."

"लेबल हाय ना चाची."

"लेबल एवढं जाड नसते."

अजय नको नको म्हणत होता, बेल्ट खराब झाला तर पगारातून कापतील म्हणून. तिनं ब्लेडनं लेबलाचे मोजके टाके उसवले आणि कापड वर केलं. खाली पट्टीचे दोन तुकडे एकमेकांवर चढवून शिवलेले होते. बाहेरून कुणाला दिसू नये अशा बेतानं लेबल बसवलं होतं.

अजयचा चेहरा उतरला. तो रोज त्यावर लटकत होता.

मग तिनं एक गोष्ट केली, जी करायला नको होती. प्रफुलचा पट्टा मयुरीनं त्या रविवारी तिच्याकडेच ठेवायला दिला होता. त्या जोडाच्या भोकांत दोऱ्याचे तुकडे अडकून होते. त्यातला दोन बोटांचा दोरा तिनं चिमट्यानं ओढून काढला आणि माझ्यासमोर आगपेटीची काडी लावली. नायलॉनचा किंवा तसला पक्का दोरा जळताना वितळतो, त्याची काळी टणक गोळी होते. हा कागदासारखा भुरभुर जळला आणि बोटावर राख राहिली.

"सुती हाय," ती म्हणाली. "गोधडीचा दोरा."

ॲडव्होकेट रंजीता चंद्रपूरच्या. कामगारांच्या केसेस चालवतात. मयुरीला तिथं मीच पाठवलं, कारण त्यांचे बरेच कागद माझ्याकडे झेरॉक्सला येतात. साबिराभाभी आणि मीही सोबत गेलो. दोरा जाळल्याचं ऐकून रंजीतामॅडमनी कपाळावर हात मारला.

"अहो, हा पुरावा आहे! तुम्ही पुरावा जाळला?"

"पूरा नाई जाळला. दोन बोटं जाळला. बाकी तिथीच हाय."

"आता हात लावू नका. कशालाच."

मग त्यांनी केस समजावून सांगितली. मी मयुरीच्या मागे उभा राहून ऐकत होतो. कामावर अपघात झाला की मालकानं भरपाई द्यायची, हा कायदा आहे. पण त्यात एक पळवाट आहे. दिलेलं सुरक्षेचं साधन कामगारानं जाणूनबुजून वापरलं नाही असं दाखवता आलं, तर मालक हात वर करू शकतो. ठेकेदार त्या पळवाटेत उभा होता. म्हणून हुक लावला होता की नव्हता, एवढ्या एका गोष्टीवर सगळी केस होती.

"आन् ठेकेदारानं दिलं नाई त?" भाभीनं विचारलं.

"काम कंपनीचं, जागा कंपनीची. ठेकेदारानं नाही दिलं तर कंपनीला द्यावं लागेल. मग ती ठेकेदाराकडून वसूल करो की न करो, ते त्यांचं त्यांनी बघावं."

"आन् ज्यानं पट्टा बनवला, तो?"

"त्याच्यासाठी वेगळी तक्रार, वेगळं कोर्ट. आणि आधी तो सापडायला पाहिजे."

भाभीनं मान हलवली. पण हा प्रश्न तिच्या डोक्यात तेव्हाच जाऊन बसला असावा.

इकडे अजयनं गुपचूप दोघा-तिघांना लेबलाखाली चाचपून बघायला सांगितलं. तिघांनी आणखी पाच जणांना. बावीस बेल्टांपैकी नऊ जाड लागले. सोमवारी सकाळी सायलोवर कुणी चढेना. सुपरवायझर ओरडला, मग त्यानं स्वतः एक लेबल फाडून पाहिलं आणि ठेकेदाराला फोन लावला. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या कंपनीचे नवे बेल्ट आले. जुने एका जीपमध्ये भरून गेले, ते कुठं गेले कुणाला ठाऊक नाही. अजयचा उसवलेला बेल्ट मात्र त्यानं आधीच नेऊन दिला होता, तो रंजीतामॅडमच्या कपाटात होता.

चंद्रपूरच्या कामगार न्यायालयात तारखा पडत राहिल्या. साबिराभाभीची साक्ष पुढच्या उन्हाळ्यात झाली. मे महिना, चंद्रपूरचं ऊन, पंखा गरम हवाच फिरवत होता. ती नवी सलवार-कमीज घालून आली होती आणि खिडकीच्या पडद्याची शिलाई बघत बसली होती. नाव पुकारलं तेव्हा मला कोपरानं ढोसावं लागलं.

ठेकेदाराचे वकील वयस्कर होते, बोलायला गोड.

"बाई, शिक्षण किती?"

"सातवी."

"इंजिनिअर नाही. सुरक्षेचं काही प्रशिक्षण?"

"नाई साहेब. मी शिवतो. एकतीस वर्षं झाले."

"दवाखान्यात हा पट्टा कात्रीनं कापला, हे तुम्हाला माहीत आहे. मग हे टोकही कात्रीनंच कापलं असेल ना?"

तिनं न्यायाधीशांकडे बघितलं. "साहेब, हात लावू का? ह्या मॅडमनं मना केलं हाय."

कोर्टात हसू फुटलं. न्यायाधीशही हसले आणि परवानगी दिली. तिनं एक-एक टोक त्यांना दाखवलं. कात्रीचं टोक आणि गरम पात्याचं टोक. मग जोडाची भोकं.

"साहेब, सुईचं भोक गोल असते. ही भोकं लांबुडकी झाली. आन् सगळी एकाच बाजूनं लांबली, टोकाकडं. म्हणजे टोकाकडून कोनीतरी जोरात ओढलं. हुक लावलाच नसता त ओढलं कोनं?"

वकील म्हणाले, "घरी बसून हातानं ओढता येतात अशी भोकं."

"ओढून पाहा ना साहेब. तुमच्या बी हातात देतो."

त्यांनी हातात घेतला नाही. त्यांच्याकडे आणखी एक मुद्दा होता आणि तो त्यांनी शेवटी काढला. "तुम्ही या पट्ट्यातला दोरा जाळलात. हे खरं आहे?"

रंजीतामॅडमनी डोळे मिटले.

"खरं हाय," भाभी म्हणाली. "दोन बोटं जाळला. मले पाहाचं होतं, कशाचा हाय. चुकलं माह्यं. पन बाकीचा भोकायमंधी हाय, आन् त्या अजयच्या पट्ट्यात त पुराच हाय. तुमी बी जाळून पाहा."

न्यायाधीशांनी काही जाळलं नाही. दोन्ही पट्टे सीलबंद करून नागपूरच्या एका प्रयोगशाळेत पाठवले. अजयनंही साक्ष दिली, वर लोंबणाऱ्या पट्टीची. त्यानंतर ठेकेदारानं त्याला कामावर बोलावलं नाही. तो आता पोंभुर्ण्याकडे पुलाच्या कामावर असतो. आठवड्याला घरी येतो.

अहवाल यायला पाच महिने लागले. मी त्याच्या चार प्रती काढल्या, म्हणून मला वाचायला मिळाला. जोडाची शिलाई सुती दोऱ्याची, पट्टी तुकडे जोडून केलेली, जोडावर ताण येऊन शिलाई उसवल्याच्या खुणा. एकतीस वर्षं शिवणाऱ्या बाईनं जे उन्हात धरून सांगितलं होतं, तेच तीन पानांत होतं. भाभीनं माझ्याकडून ते सगळं दोनदा वाचून घेतलं. ताण मोजायचं मशीन कसं असतं, ते मात्र त्यात लिहिलेलं नव्हतं. ती जरा नाराज झाली.

निकाल २०२४ च्या फेब्रुवारीत लागला. हुक लावलेला होता, साधन सदोष होतं, कामगाराचा दोष नाही. ठेकेदारानं द्यावं, त्यानं न दिल्यास कंपनीनं द्यावं. कंपनीनं दिलं. प्रफुल तोवर काठी घेऊन चालायला लागला होता. उंचावरचं काम त्याला पुन्हा जमणार नाही, हे डॉक्टरांनी लिहूनच दिलं आहे. तो गावातल्या कापूस संकलनाच्या वजनकाट्यावर बसतो आता. उभं राहावं लागत नाही.

निकालानंतर एकदा तो मयुरीसोबत दुकानात आला. कोर्टातून सुटून आलेला पट्टा भाभीनं खास त्याच्यासाठी काढून ठेवला होता. त्यानं तो कधी नीट पाहिलाच नव्हता. घातला होता फक्त, आठ महिने. त्यानं भोकांवरून बोट फिरवलं.

"हे माह्या पाठीमागं होतं," तो म्हणाला. "मले दिसलं कसं असतं?"

"तुले दिसू नाई म्हणूनच लेबल लावलं होतं बेटा."

त्यानं तो गुंडाळून तिच्या मशीनवर ठेवला. जाताना पट्टा नेला नाही.

बनवणाऱ्याची तक्रार अजून अडकलेली आहे. सुरक्षा निरीक्षकांनी चौकशी केली, तेव्हा लेबलावरचा नंबर भलत्याच वस्तूचा निघाला. बिल नागपूरच्या एका दुकानाचं होतं. ते दुकान बंद झालेलं, आणि बिलावरचा मालक म्हणतो, मी फक्त कमिशनवर माल उतरवून घेतला, दिल्लीकडून आला. दिल्लीकडून म्हणजे कुठून, ते त्यालाही सांगता येत नाही, किंवा सांगायचं नाही.

मागच्या वर्षी भाभी आणि लियाकतभाई भाच्याच्या लग्नाला नागपूरला गेले. वलीम्याची मेजवानी आटोपल्यावर लियाकतभाईला घेऊन ती त्या बिलावरच्या पत्त्यावर जाऊन आली. तिथं आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. तिनं आत जाऊन विचारलं, शेजारच्या चहावाल्याला विचारलं, वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बाईला विचारलं. कुणाला काही माहीत नव्हतं. दोघांची परतीची बस चुकली.

आल्यावर मी तिला म्हटलं, "भाभी, सापडून काय करणार होत्या? ते कोर्ट पाहून घेईल."

ती मशीनवर ताडपत्रीची दुमड घालत होती. पाय न थांबवता म्हणाली, "भांडाले नव्हती गेली मी. तुमी ती शिलाई पाह्यली नाई गुणवंतभाऊ. चार रांगा, एकदम सरळ, टाका टाक्याले बरोबर. शिकलेला हात हाय तो. एवढा चांगला हात असून त्याले गोधडीचा दोरा कोनं देल्ला? आन् देल्ला त त्यानं इचारलं काऊन नाई, का बाबा हे कशाचं हाय, कोन घालणार हाय?"

"रोजंदारीचा माणूस असेल. त्याला काय सांगणार कुणी?"

"सांगितलं नसंल. पन बोटाले समजते ना." तिनं दुमड पालटली. "मले त्याले एवढंच इचारायचं होतं."

गिऱ्हाईक आलं. झोळीचा बंद तुटला होता. तिनं बंद हातात घेतला, ओढून पाहिला आणि विचारलं, "हा कुठी घेतला होता?"